न जुळणारं यमक

क्वेडलिनबुर्ग, ६ मार्च

चि. गेझीना,
अ. उ. आ. (आशीर्वाद फुकटचे आहेत, ठेवून घे.)

इकडे सगळे ठीक. हेनिंगला दुसरी मुलगी झाली. तो तिच्या पाळण्याशी बसून आपलं चाकवाद्य, ते चाकाने तारा घासून वाजणारं, फिरवतो. बायको म्हणते, पोर रडतंय की वाद्य, तेवढं तरी कळू दे.

आता मुद्दा. पेंटेकॉस्टच्या सणाला पडक्या मठाच्या ओवरीत आपल्या काळ्या कपड्यांतल्या बँडला वाजवायला बोलावलंय, आणि त्यांना तेच गाणं हवंय, आठशे वर्षांपूर्वीचं, ‘बाई, घे हे दुःख’. तुझ्याशिवाय ते आमच्यात कुणी गायलेलं नाही. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तुझा आवाज उतरला, तू यायची थांबलीस आणि मीही विचारायचं टाळलं. आज विचारतोय ते तुझ्यासाठी की कार्यक्रमासाठी, हे मला नीट सांगता येत नाही. बहुधा दोन्ही. हेनिंग म्हणतो, पट्टी हवी तेवढी उतरवू, फार तर वाद्य गाईसारखं हंबरेल.

नाही म्हणालीस तरी लोभ तेवढाच.

तुझा फाल्क

ल्युबेक, १५ मार्च

ती. फाल्क,
शि. सा. न. (वयाने मोठा असल्याचा एवढाच मान मिळेल.)

बाळाचं कळलं, लोकरीचे मोजे विणतेय. काळे नाहीत, पिवळे. हेनिंगला आधीच सांगून ठेव.

गाण्याचं म्हणशील तर नाही. ते गाणं म्हणजे शेवटचा तो उंच सूर. आपले ते दुःखाचे शौकीन गॉथ लोक भर उन्हात काळी मखमल घालून त्याच सुरासाठी बसतात. मी आता गायले तर त्यांना पिंपातून कुणी बोलतंय असं वाटेल. गाडीत एकटी असताना गाते, तेवढं मला पुरतं. पुरत नाही, पण चालतं. कीव करून विचारलं नाहीस, म्हणून रागावले नाही.

लांडग्याचं कातडं पांघरून यंदा तरी स्टेजवर जाऊ नकोस. झुरळाचं औषध मारल्यासारखा वास येतो त्याला.

तुझीच, नकार देऊनही,
गेझीना

ल्युबेक, ३ एप्रिल

ती. फाल्क,
शि. सा. न.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितेय, कारण मला झोप येईनाशी केलीस. श्वेरीनला जाताना गाडीत ते गाणं म्हणून पाहिलं. खालच्या पट्टीत, आणि दम पुरेना म्हणून भराभर. तर यमकच जुळेना. दुसरी ओळ जुन्या जर्मनमधल्या ‘रिएट’वर संपते, ‘जसं माझ्या हृदयाने सुचवलं’. आणि पहिली ‘लेइट’वर, दुःखावर. चारदा म्हटलं, चारदा अडखळले. मग सहज ‘लिएट’ म्हणून पाहिलं आणि दोन्ही ओळी दार लागावं तशा बसल्या.

लिएट म्हणजे गाणं, फाल्क. बाई, घे हे गाणं. तो बिचारा दुःख देतच नव्हता. उंच सुरात मी सगळ्याच शब्दांचा ‘आ’ करायचे, मग यमक कुणाला ऐकू येणार? तू एवढा शिकलेला, जरा बघून सांग.

घाईत, पण मायेत,
गेझीना

क्वेडलिनबुर्ग, १० एप्रिल

चि. गेझीना,
अ. उ. आ., आणि यावेळी तुला सा. न. सुद्धा.

बघितलं. आपल्याच सीडीच्या पुस्तिकेत पहिल्यापासून ‘लिएट’ छापलंय. ते मीच टाइप केलं होतं. डोळ्यांनी गाणं वाचत होतो आणि तोंडाने दुःख म्हणत होतो, कारण काळे कपडे घालून आपण दुःखाचीच वाट पाहत बसलो होतो. हेनिंगने ते नाचाच्या चालीत फिरवून पाहिलं आणि हसता हसता ढोलाच्या पेटीवर बसला. म्हणाला, आपण वीस वर्षं लग्नाच्या वरातीला खांदा देत होतो.

मला मात्र काळजी आहे. लोक त्या ओळीला रडतात. माग्डेबुर्गच्या त्या उंच माणसाने दंडावर ‘लेइट’ गोंदवून घेतलंय. त्यांचं ते काढून घ्यायचा आपल्याला काय हक्क?

अजून एक. ही चाल, हा शब्द, लोकांनी कधी ऐकलेलाच नाही. तेव्हा तुला कुणाशी ताडून बघायला त्यांच्याकडे काही नाही, तुझ्या जुन्या आवाजाशीसुद्धा. तुला पटवायला असं म्हणतोय का, हे दोन दिवस स्वतःला विचारलं. पटवायला म्हणतोयच. पण खरंही आहे.

उत्तराची घाई नाही, असं लिहिणार होतो. आहे.

तुझा फाल्क

ल्युबेक, १६ एप्रिल

ती. फाल्क,
शि. सा. न.

येतेय. हेनिंगला सांग, तारा उतरव, आणि हंबरू दे.

शब्दाचं काय ते मी गाण्याआधी दोन वाक्यांत सांगेन. माग्डेबुर्गच्या माणसाला दंड खरवडायला कुणी सांगत नाही. त्याचं दुःख त्याचं स्वतःचं आहे, आपल्या गाण्यातून आलेलं नाही. रडणारे रडतील. नाचाच्या चालीवर रडता येतं, माझ्या मावशीच्या लग्नात मी पाहिलंय.

अडचण एकच. काल स्वयंपाकघरात पूर्ण म्हणून पाहिलं. पूर्वी ते संपता संपत नसे, आता बटाटे उकळायच्या आत उरकतं. मठवाल्यांना कळवून ठेव की उरलेल्या वेळात मी तेच पुन्हा म्हणणार आहे. कितीदा, ते विचारू नये.

लोभ असाच चढ्या पट्टीत राहू दे. खाली यायचं काम माझं.

तुझी गेझीना