पालकाची सही

तळेगाव दाभाडे
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. प्रतीक्षावहिनीचा गुडघा आता कसा आहे? मी बरी आहे. हे रीत म्हणून लिहीत नाही, खरंच बरी आहे.

पत्र बघून वैतागू नकोस. फोनवर माझी जीभ अडखळली की माझं वाक्य तूच पुरं करून टाकतोस, आणि दर वेळी चुकीचं. कागदावर तुला ते जमणार नाही.

काम जोरात चाललंय. लोणावळ्यातल्या चार बंगल्यांचं बुकिंग मी व्हॉट्सॅपवर घेते. लोक विचारतात, "खोलीतून धुकं दिसेल ना?" तिथल्याच अपंगांच्या संस्थेच्या खिडकीतून नऊ वर्षं तेच धुकं बघून मी विटले होते. आता तेच "सुंदर व्ह्यू" म्हणून विकते.

तर मुद्दा असा की माझा भाडेकरार मार्चअखेर संपतोय. नवा करायला कोमलला घेऊन एजंटकडे गेले. कोमल म्हणजे ती, रोज सकाळी तासभर येऊन मला अंघोळीला आणि स्वयंपाकाला मदत करते. एजंट माझ्याकडे न बघता तिलाच विचारतो, "ह्यांचे पालक कोण?" अरे, मी चौतीस वर्षांची आहे! पालक म्हटलं की मला भाजी आठवते. मी म्हटलं, "पालक कशाला? भाडेकरू मी आहे." तर हा परत कोमलला, "काय म्हणाल्या त्या?"

"त्यांनाच विचारा की!" कोमल म्हणाली. तिचाही पारा चढला होता.

घरी येते तो विठाबाई मावशी दारात उभ्या. घरमालकीण म्हणून चांगल्या आहेत, पण पोटात काही राहत नाही.

"सारिका, राग मानू नगं. तुज्या भावाची सही लागंल, पालक म्हनून. म्याच त्याला फोन केलता. त्यो म्हनला, परत न्हेतो तिला लोनावळ्याला, तितं तिची सोय हाय."

सोय! कुणाची सोय, दादा? तिथे दर रविवारी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचा. बाहेरची माणसं यायची, आम्हाला केळी वाटायची, फोटो काढायची. आम्ही टाळ्या वाजवायच्या. नऊ वर्षांत माझा वाढदिवस कधी असतो, हे एकानेही विचारलं नाही. अंघोळ सहाला, कारण आयांची पाळी सातला बदलायची. दिवे साडेआठला बंद. झोप येवो न येवो.

मावशींनी फोनवर तुला काय सांगितलं, ते मला ठाऊक आहे. मघापासून मी तेच टाळतेय. हो, मी पडले. कोमलच्या मुलीला ताप होता, ती आली नाही, आणि मी हट्टाने एकटीच अंघोळीला गेले. स्टुलावरून खुर्चीत सरकताना चाकाचा ब्रेक लावायचा राहिला. दीड तास फरशीवर पडून होते. नळ चालूच. टाकी रिकामी झाली, वरच्या मजल्यावरच्यांनी पाण्यासाठी आरडाओरडा केला, म्हणून मी सापडले. आता हसू येतं, तेव्हा आलं नाही. खरं सांगते, तिथे पडल्या पडल्या मला संस्थेतली बेल आठवली. दाबली की आया यायची. ती बेल मला हवी होती, दादा. फार लाज वाटली, पण हवी होती.

आता न्हाणीत दोन दांडे बसवून घेतलेत, फोन गळ्यात असतो आणि एक किल्ली मावशींकडे आहे. गेल्या वर्षी तू जिन्यावरून घसरलास, महिनाभर प्लास्टरमध्ये होतास. तुला कुणी संस्थेत नेलं का? वहिनीने फक्त पायपुसणं बदललं.

आई गेली तेव्हा तू म्हणाला होतास, "पंधरा दिवसांसाठी जा." सोळाव्या दिवशी मी बॅग भरून व्हरांड्यात बसले होते. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण मला सोडताना तू रडत होतास. नंतर मीही विचारलं नाही, तूही बोलला नाहीस. दोघांचंही चुकलं. तुझं जास्त.

पुढच्या मंगळवारी अकराला एजंटकडे जायचंय. करारावर दोन साक्षीदार लागतात. एक कोमल. दुसऱ्या जागी मी तुझं नाव लिहून आले आहे. एजंटने पेनाने वर "पालक" लिहिलं होतं, ते माझ्या हाताने खोडलं. माझा हात थरथरतो ना, चांगलं जाड खोडलं गेलं.

साक्षीदाराने निदान बघायला तरी हवं. म्हणून आधी घरी ये. दहा महिन्यांत तू एकदाही आला नाहीस, आणि देहूरोडहून तळेगाव तिसरंच स्टेशन आहे. मला न्यायला गाडी घेऊन येणार असशील तर मात्र येऊ नकोस. मावशींना मी पटवते. तुझ्यावाचून करार अडणार नाही, सहीला दुसरं कुणीही मिळेल. पण मला तू हवा आहेस.

तुझी वाट बघणारी,
आणि इथून कुठेही न जाणारी,
सारिका