मेंढीच्या लोकरीतली वाळू

मी, आकाराम धोंडी लोहार, वय वर्षे त्रेपन्न, धंदा मोटारींना वॅक्स व पॉलिश करणे, राहणार सांगली, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली किंवा भिडेखाली न येता, माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते या कागदावर लिहून ठेवतो. पोटातील गाठ वाढली आहे असे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले. डोके मात्र जागेवर आहे. अक्षर माझेच. चौथीनंतर शाळा नाही, पुढचे सर्व बघून शिकलो.

कलम १. राहते घर परड्यासह पत्नी राहीबाई हिचे. तिच्या हयातीत तिला कोणी ‘ऊठ’ म्हणू नये. ती मला म्हणते, "आवं, त्या पॉलिशच्या पॅडांना न्हाऊ घालता, मला कवा तांब्याभर पाणी दिलंसा?" दिले नाही. ते आता कलमात लिहून देता येत नाही.

कलम २. पोस्टातील शिल्लक मुलगी चंद्राबाई, साताऱ्यास दिली आहे, तिची.

कलम ३. चुलतभाऊ सिद्धू वॅक्समध्ये रॉकेल मिसळतो व माझे नाव सांगून काम मिळवतो. त्यास वॅक्सचा रिकामा डबासुद्धा देऊ नये.

कलम ४. विजेचे पॉलिश मशीन, त्याची रबरी तबकडी आणि मेंढीच्या लोकरीचे सहा पॅड. हे कलम लांबेल. लांबू द्यावे.

मशीन मी सन १९३६ साली मुंबईहून आणले. ते दाबून चालवायचे नसते. आपल्याच वजनाने पत्र्यावर सपाट फिरते, आणि हात थांबला की रंग जळतो. वॅक्स पातळ लावावे, कडा हाताने घासाव्यात. पण खरे काम पॅडचे. लोकरीत एक खडा राहिला तर मशीन तो हजार वेळा पत्र्यावर फिरवते.

हे काम मी आणि शमशेर रहिमान मुल्ला, राहणार मिरज, असे दोघे पाच वर्षे करीत होतो. वॅक्स मी लावी, मशीन तो चालवी. त्याच्याइतका हलका हात मला स्वतःलाही नाही. हे आजपर्यंत मी कोणास सांगितले नव्हते.

पॅड धुण्याचे काम मात्र मी कोणाला देत नसे. विहिरीचे पाणी जड, साबण फुटत नाही, म्हणून मी पॅड कृष्णेवर नेऊन धूत असे. सन १९४१ च्या दसऱ्याला नानासो जहागीरदारांची काळी मोटार पूजेआधी चमकवायची होती. त्या वर्षी पाऊस लांबला होता. राहीबाई म्हणाली, "नदी अजून गढूळ हाय, घरीच धुवा." मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

दसऱ्याच्या सकाळी शमशेरने पॅडवर बोट फिरवले आणि थांबला. "मास्तर, कचकच लागतीया. बगा की जरा."

"मी धुतलाय त्यो. लाव."

"मास्तर..."

"लाव म्हंतो न्हवं!"

त्याने लावला. ऊन वर आले तेव्हा बॉनेटवर गोल गोल ओरखडे दिसले, पाण्यात खडा टाकल्यासारखे. गॅरेजच्या दारात नानासो आणि शेजारचे आप्पासो तांबोळी उभे होते. त्यांच्यासमोर मी ओरडलो, "जमिनीवर पाडलास पॅड, आन् वर माझ्या धुण्याला नाव ठेवतोस?" तो एवढेच बोलला, "न्हाई पाडला, मास्तर." हात पुसून गेला. नंतर सांगली-मिरजेच्या एकाही गॅरेजमध्ये त्यास काम मिळाले नाही, कारण मी सगळीकडे जाऊन सांगितले होते.

तो पॅड मी पुरावा म्हणून डब्यात घालून ठेवला. गेल्या महिन्यात अंथरुणावर पडून सुचले, म्हणून पाण्यात भिजवून पांढऱ्या घमेल्यात पिळला. माझ्या गॅरेजची जमीन काळी आहे, तेलाची आणि लोखंडाच्या किसाची. घमेल्याच्या तळाला बसली ती बारीक, चकाकणारी नदीची वाळू.

मिरजेस डॉक्टरकडे गेलो तेव्हा शमशेर तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत दिसला. भोपळ्यावर लाखेचा हात देत होता. फडके उचलले, आधी त्यावर बोट फिरवून पाहिले, मग लावले. मी समोरच्या पायरीवर अर्धा तास उभा होतो. परत आलो.

म्हणून मशीन व पॅड शमशेर यास. पुतण्या मानसिंग याने ते मिरजेस न्यावे, पण त्याआधी शमशेरला विचारून, तो म्हणेल त्या दिवशी, माझ्या गॅरेजच्या दारात हे कलम मोठ्याने वाचावे. त्याने मशीन घेतले नाही तर तो त्याचा हक्क आहे. कोणी आग्रह करू नये. घेतले, तर पॅड कसे राखावेत हे त्यास कोणी सांगू नये. तो बोट फिरवून बघेल. त्या वेळी त्यास कोणी घाई करू नये.

साक्षीदार मुद्दाम तेच दोघे बोलावले आहेत.

सांगली, तारीख ११ फेब्रुवारी १९४७.

सही: आकाराम धोंडी लोहार

साक्षीदार:
१. नानासो जहागीरदार. मजकूर वाचून दाखवला, ऐकला. त्या दिवशी मी दारात होतो.
२. आप्पासो तांबोळी. मीही होतो. शमशेर ‘बगा की’ म्हणाला ते मी ऐकले होते. बोललो नाही.