बटण कारखाना, तिसरा मजला

३ मार्च, सकाळी
निर्णय झाला. फ्लॅट विकायचा. निर्णय बायकोच्या गुडघ्याने घेतला, मी अनुमोदन दिलं. आमची इमारत म्हणजे पूर्वीचा बटण कारखाना. आमचा मजला तिसरा आणि लिफ्ट त्या कारखान्याचीच, मालाची. पोती ठेवली की सुरळीत वर येते. माणसं चढली की दोन मजल्यांच्या मध्ये थांबून विचार करते.

बायकोने बहिणीच्या गल्लीत तळमजल्याचं घर बघून ठेवलं आहे. पुढे अंगण, पायरी एकही नाही. तिथले मालक मेअखेरपर्यंत थांबणार, मग घर दुसऱ्याला देणार. म्हणजे भरपूर वेळ आहे. माझ्या अंदाजाने एप्रिलच्या सुरुवातीलाच रांग लागेल. जिन्यात गर्दी होऊ नये म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी कल्पना देणे.

४ मार्च
मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ, घरांची दलाली करतो. म्हणाला, भाऊजी, भिंतींना पांढरा रंग द्या, गळका नळ बदला आणि गिऱ्हाईक आलं की तुम्ही जरा फिरायला जात चला. पहिल्या दोन सूचना किरकोळ. तिसरीत व्यावसायिक असूया दिसते.

त्याची जाहिरात: 'हवेशीर फ्लॅट, उजेड भरपूर.' माझी: 'जिथे एकेकाळी अर्ध्या शहराची बटणं घडली, तिथे तुमची सकाळ होवो.' मेहुण्याने वाचून माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने छताकडे.

संकल्प: मेहुण्याचा सल्ला न घेणे.

९ मार्च
पहिलं गिऱ्हाईक. नवीन लग्न झालेलं जोडपं. सगळीकडे फिरले. मुलगी म्हणाली, बाहेरून कारखाना वाटतो, पण आत अगदी नेहमीचं घर आहे हो. ती खूश होऊन म्हणाली, असं बायकोचं मत. मला त्यात निराशा ऐकू आली. रविवारी आईवडिलांना घेऊन येतो म्हणाले. मी म्हटलं, एवढ्यात येऊच नका. महिन्याभराने या, ओळखणार नाही तुम्ही हे घर.

बायकोने माझं ताट जरा आपटूनच ठेवलं. गुडघा दुखत असावा.

१२ मार्च
मिस्त्री आला. भिंतींचं प्लास्टर उतरवायचं आणि मूळ विटा उघड्या करायच्या. त्याने विचारलं, हे प्लास्टर मीच केलं होतं ना साहेब? हो म्हटलं. खुशीत हातोडा घेऊन आत गेला.

१५ मार्च
धूळ. चहात, उशीत, या वहीत. पण विटा अप्रतिम. बायकोचं म्हणणं, ओरखडतात. टेकायचं कशाला?

२१ मार्च
फरशी उखडली. खाली कारखान्याच्या जाड लाकडी फळ्या निघाल्या. फटीफटीत जुनी बटणं. बरणीत भरून दर्शनी भागात ठेवली. वारसा. बायको म्हणाली, पायात काहीतरी सारखं टोचतंय. तेही वारसाच.

२७ मार्च
छताखालचं खोटं छत काढलं. वर लोखंडी तुळया आणि वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींचा सांडपाण्याचा पाईप. तो लाल रंगवून घेतला. आता नजर तिथेच जाते.

संध्याकाळी एक निवृत्त डॉक्टर घर पाहायला आले. तुळयांचा इतिहास सांगत होतो, तेवढ्यात वर सेक्रेटरींनी साखळी ओढली. पाईपमधून गर्जना. डॉक्टरांनी मान खाली घातली, बहुधा व्यवसायातली सवय. मी म्हटलं, ही वास्तू जिवंत आहे. डॉक्टर म्हणाले, ते ऐकू येतंय. लवकर गेले. घाईचा माणूस, अशा घराचा आस्वाद त्याला झेपला नसता.

२ एप्रिल
बेडरूमची भिंत पाडली. मोठा मोकळा हॉल. कारखान्यात बेडरूम कुठे असते?

बायकोने विचारलं, मग झोपायचं कुठे? म्हटलं, कुठेही. हेच तर स्वातंत्र्य. तिने पलंग होता तिथेच ठेवला. सवयीची गुलामी.

७ एप्रिल
बाथरूमची भिंत छातीच्या उंचीपर्यंत ठेवली. उजेड आता घरभर खेळतो. आंघोळ करता करता मी बायकोशी पेपरातल्या बातम्यांवर बोललो. असा संवाद कित्येक वर्षांत झाला नव्हता. तिच्या बाजूने फारसा झाला नाही.

८ एप्रिल
बायको आंघोळीसाठी बहिणीकडे गेली.

११ एप्रिल
अजून आंघोळ चालू आहे. फोन केला. म्हणाली, भिंत बांधलीत की येते. नाहीतर नवीन घराचं पक्कं झालं की थेट तिकडेच जाईन. तळमजल्याच्या मालकांकडे दुसरी पार्टी चकरा मारते आहे म्हणे. मी म्हटलं, घाबरू नकोस. ती म्हणाली, घाबरत नाही हो, जिने चढवत नाहीत. त्यात काहीतरी होतं, पण नेमकं काय ते कळलं नाही.

१६ एप्रिल
भंगारवाल्याकडे सोनं सापडलं. कारखान्याचं हजेरीचं घड्याळ. कार्ड फटीत घालायचं, दांडा ओढायचा, खण्ण करून वेळ छापून येते. उशीर असेल तर लाल शाईत. दुरुस्त करून दाराशी बसवलं. घर बघायला येणाऱ्याने कार्ड छापूनच आत यायचं. अनुभव दारापासून सुरू व्हायला हवा.

घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावलं आणि वेळ बदलायची किल्ली लपवली. उशिरा येणाऱ्याला आपोआप लाज.

२० एप्रिल
एक कुटुंब येऊन गेलं. कार्डं लालच आली. वडील म्हणाले, आम्ही तर वेळेवर आलोय. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. आजीबाई बाथरूमच्या भिंतीवरून आत डोकावल्या आणि बसायला नको म्हणाल्या.

गिऱ्हाइकांचा दर्जा घसरतो आहे. मेहुण्याला तसं कळवलं. तो म्हणाला, भाऊजी, आता ते घर कोणाला दाखवू तेच कळत नाही. एवढा जुना दलाल, पण दृष्टी नाही.

४ मे
कोणी नाही. मे तसा मंदच.

१२ मे
कोणी नाही. बायको डबा घेऊन आली, तीन मजले चढून. मधल्या जिन्यात बसलेली सापडली. हात धरून वर आणली. पाणी पिऊन म्हणाली, अहो, मला एवढं एकच घर हवंय हो. मी म्हटलं, मिळेल. या वेळी तिला काहीतरी ठोस सांगायला हवं होतं. घड्याळ चालवून दाखवलं.

ती परत बहिणीकडे गेली. रात्री झोप लागली नाही, त्याबद्दल काही लिहीत नाही.

१९ मे
अखेर रसिक भेटला. म्हणजे भेटली. मध्यमवयीन बाई, केस घट्ट बांधलेले, गळ्यात मोजपट्टी, बाहीवर दोऱ्याचं टोक. घड्याळ पाहून थांबल्या. कार्ड स्वतः छापलं, कान देऊन आवाज ऐकला, म्हणाल्या, चालू आहे? वा.

विटा पाहून खूश. मोकळा हॉल पाहून जास्त खूश. फळ्यांवर टाच आपटून विचारलं, वजन किती पेलतील? माझा तर्क: पियानो. लिफ्टबद्दल प्रामाणिकपणे सांगितलं की माल नेते, माणसं नेत नाही. त्या म्हणाल्या, उत्तम, माणसं चढतील जिना. पियानोच.

२१ मे
बाई पुन्हा आल्या, मेहुण्याबरोबर. खडूने जमिनीवर चौकोन आखले. वीसजणी आरामात बसतील म्हणाल्या. संगीतसभा. कधी, असं विचारलं, तर म्हणाल्या, रोज सकाळी आठला. संध्याकाळी सहापर्यंत बसतील, मध्ये जेवणाची सुट्टी. एवढा कान असलेली माणसं या शहरात आहेत, हे माहीत नव्हतं.

मेहुणा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, भाऊजी, हात जोडतो, सही होईपर्यंत एक शब्द बोलू नका. भावनाविवश झाला होता.

२७ मे
व्यवहार झाला. फ्लॅट बायकोच्या नावावर, त्यामुळे सही तिने केली. सही वाळेपर्यंत मी मौन पाळलं. मग सोसायटीतर्फे आलेले सेक्रेटरी त्या बाईंना म्हणाले, परवानगीची काळजी नको, बिल्डरने तुमच्या मजल्याचा कागद कधी बदललाच नाही, तिथे अजून 'कारखाना' असंच आहे. आवाज मात्र बेताचा ठेवा. आमच्याकडे पाहुणे असतात.

मी विचारलं, पियानोचा?

बाई म्हणाल्या, शिलाई मशीनचा. शर्ट शिवतो आम्ही. एवढी तयार जागा कुठेच मिळत नव्हती. सगळीकडे आधी भिंती पाडायला लागतात.

मी तीव्र विरोध केला. मनात.

बायको बाहेर आल्यावर म्हणाली, तीन महिने राबून तुम्ही घराचा कारखाना केलात, शेवटी कोणाला तरी ते समजलं. आणि हसली. मार्चनंतर पहिल्यांदाच. मेहुण्याने तिथूनच तळमजल्याच्या मालकांना फोन लावला.

एकंदरीत माझ्या योजनेप्रमाणेच झालं.

२ जून
नवीन घर. बायको सकाळपासून अंगणात. आतून बाहेर, बाहेरून आत, उगाचच. गुडघ्याचं नावही काढलं नाही.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत अनावश्यक वाटते. बोटाने ठोकून पाहिली. बायको अंगणातून म्हणाली, हात काढा.

५ जून
करण्यासारखं काही नाही. पुन्हा ठोकली. बायकोने भावाला बोलावलं. दोघं हळू आवाजात बोलले. मेहुण्याने शर्टवाल्या बाईंना फोन केला. मला सल्लागार म्हणून बोलावलं आहे. वास्तूची माहिती माझ्याइतकी कोणाला आहे?

९ जून
सल्लागाराला स्टूल दिलं आहे. काम तात्पुरतं: तयार शर्टांची बटणं मोजणे, सैल असतील ती वेगळी काढणे. स्टूल आमच्या पलंगाच्या जागी. डोक्यावर लाल पाईप. सेक्रेटरींचे पाहुणे अजून आहेत, ते पाईपवरून कळतं.

सुचवलं की बरणीतली जुनी बटणं वापरावीत. बाई म्हणाल्या, ती दोन भोकांची आहेत, आपल्याला चार लागतात. शेजारच्या मशीनवरच्या मुलींनी मला 'काका बटण' असं नाव ठेवलं. आदराने.

१६ जून
कार्डावर लाल. कालही लाल होतं, परवाही. बाईंनी सर्वांसमोर विचारलं, काका, घर कुठे आहे तुमचं, रोज उशीर का होतो?

मी सांगितलं, घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. त्या म्हणाल्या, सगळे हेच सांगतात. मी म्हटलं, मीच पुढे लावलं आहे. यावर मुली इतक्या हसल्या की दोन मशीन थांबली. किल्लीबद्दल विचारलं तेव्हा आठवेना कुठे लपवली होती. बहुधा विटांच्या कुठल्यातरी फटीत.

बाई म्हणाल्या, जागेवर बसा.

संकल्प: उद्यापासून दहा मिनिटं लवकर निघणे. बायकोला डबा आधी भरायला सांगितला. ती म्हणाली, भरून ठेवते, पण निघताना अंगणाचं फाटक नीट लावून जा.