ब्रेक दुरुस्त करून जाणारा चोर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी नवी कवळी लावून बोलू लागले की अजून खुणांवरच भागतंय? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे. पण मी जन्मभर विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले. 'सगळं ठीक' असं कुणी लिहिलं की मी आधी त्याचीच फाईल उघडायचो.

मी सायकल घेतल्याचं तुला कळलंच असेल (आपल्या घरात काय लपून राहतं?). तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं आहे, त्यामुळे ब्रेकची वायर सरळ जात नाही. हाताने दाबायच्या ब्रेकच्या दांडीपासून निघून, हँडलच्या वळणाला चिकटून, वर गुंडाळलेल्या पट्टीखालून ती बाहेर येते आणि ऐसपैस वळण घेऊन मागच्या चाकाकडे जाते. वळण ऐसपैसच हवं, हे मला पडल्यावर कळलं. मी वायर स्वतः बसवली आणि तिच्या वरची नळी नीटनेटकी दिसावी म्हणून आखूड कापली. परिणाम असा, की हँडल डावीकडे वळवलं की नळी ताणली जायची आणि मागचा ब्रेक आपोआप लागायचा. अशाच एका डाव्या वळणावर मी आमच्या खाली राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांच्या कुंपणात शिरलो. घरी हिला सांगितलं, कोपर भिंतीला घासलं.

दुसऱ्या संध्याकाळी जिन्याखालून सायकल काढली, तर ब्रेक लोण्यासारखा! नळी नवी, पुरेशी लांब, कुठे टोचणारा कोपरा नाही. कापलेलं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलेलं. पट्टीचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा, दवाखान्यातल्या बँडेजसारखा. आणि सीट बोटभर खाली. तू म्हणशील, मग बरंच झालं की! इथेच माणसं फसतात, ताई. वस्तू नेणारा चोर मला समजतो, त्याचा हेतू स्वच्छ असतो. पण गुपचूप येऊन वस्तू सुधारून जाणारा माणूस? त्याला नक्की काय हवंय?

संशय डॉक्टरांवर गेला. एक तर ते बुटके (सीट!). दुसरं, बारीक पकडी, कानशी, सगळी हत्यारं घरात. तिसरं म्हणजे, मी कुंपण मोडलं तरी ते हसले होते. दुसऱ्या दिवशी मी थेट दवाखान्यात शिरलो आणि विचारलं, "काल दुपारी आपण कुठे होतात?" ते एका बाईंच्या दाढेत होते. बाईंनी तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे असं पाहिलं, की मी "चालू द्या" म्हणून बाहेर आलो. तेव्हापासून डॉक्टर जिन्यात मला वाट देतात, जरा जास्तच रुंद.

मग सापळा लावला. वायर पुन्हा वाकडी बसवली (त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत), जेवून आडवा झालो, घोरण्याचा आवाज काढला आणि थोड्या वेळाने पाय न वाजवता जिना उतरलो. सायकलपाशी कुणीतरी उकिडवं बसून, दातात पट्टी धरून, हँडल गुंडाळत होतं.

तुझी वहिनी!

"घोरणं मध्येच थांबलं तेव्हाच कळलं, येताय म्हणून," ती मान वर न करता म्हणाली. "ती पक्कड द्या."

मी पक्कड दिली. नर्सच्या नोकरीत सुरुवातीला ती सायकलवरूनच घरोघर जायची, वाटेत वायर तुटली तर बसवायला कोण येणार होतं, असं म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच फाईलीत ही नोंद नाही! भिंतीला घासलेल्या कोपरातून तिने कुंपणाचे काटे काढले होते, तेव्हाच तिने खाली जाऊन सायकल तपासली. आणि सीट? ब्रेक लागतो की नाही ते बघायला एक चक्कर मारावी लागली. मग खात्रीसाठी आणखी एक. आता मी झोपलो की ती रोज पाण्याच्या टाकीपर्यंत चढ चढून जाते.

"मग मला सांगायचं नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर चौकशी केली असती," ती म्हणाली. "मला फक्त सायकल चालवायची होती."

तिने हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, उजवीकडे वळवलं. चाक मोकळं फिरत राहिलं. मग ती माझ्यादेखत बसून निघून गेली आणि मी जिन्याखाली पक्कड घेऊन उभा.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टरांची माफी मागितली. ते म्हणाले, बँडेजसारखी पट्टी पाहून त्यांना तेव्हाच कळलं होतं. म्हणजे मी सोडून सगळ्यांना.

ता. क. पुन्हा. पत्राचं खरं कारण. तुझ्या माळ्यावर भाच्याची सरळ हँडलची सायकल पडून आहे, ती पाठवून दे. आणि सोबत हिला चार ओळी लिही, की दोघं मिळून फिरायला जात जा. तुझ्याकडूनच येऊ दे. मी विचारलं तर तिला संशय येईल.