फोटोतलं कुंकू

आई, धाकट्यानं घर रंगवायला काढलंय. भिंतीवरचे फोटो उतरवलेत म्हटल्यावर मला राहवलं नाही. तू आरशासमोर उभी राहून स्वतःचा काढलेला तो जुना फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला आणि किकवीहून माहेरी निघाले. म्हटलं, आज वाद घालायचाच. इतकी वर्षं भिंतीवर होती ती डोईवर पदर घेतलेली, कुंकू लावलेली बाई तू नाहीसच. तू गेल्यावर धाकट्यानं हाच फोटो भोरला मोठा करायला दिला, आणि दुकानदारानं आपल्या मनानंच कॉम्प्युटरवर पदर ओढला, कुंकू लावलं, शिवाय छातीशी धरलेला कॅमेराही कापून टाकला. तू असतीस तर त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतंस.

बाबा गेल्यावर वेल्ह्याच्या बाजारातला त्यांचा स्टुडिओ तू चालवायला घेतलास, तेव्हा आपल्याकडे फोटो काढणारी दुसरी बाई नव्हती. बाईमाणसानं फोटो काढला तर मुंडकी उडतील म्हणून लोक हसायचे. बाया मात्र तुझ्याकडेच यायच्या. शाळा सुटली की मी पडद्याआडून बघत बसायचे. एकदा वरच्या वाडीतली मेंढरं राखणारी एक विधवा आली. खुर्चीत अवघडून बसलीय, आणि तू विचारतेस, “तू कशी दिसाय पायजे, ते आदी सांग.” असं तिला जन्मात कुणी विचारलं नसावं. पदराशी चाळा करत ती हळूच म्हणते, “फोटूत तरी कुकू असू द्या, बाई. मालक असताना हुती तशी.” फोटो वाळल्यावर तू बारीक ब्रशनं तिच्या कपाळावर शाईचा काळा ठिपका दिलास. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल काळंच दिसतं. तो फोटो बघून ती रडली. मग तसं सांगत कितीतरी जणी आल्या.

तुझ्या स्वतःच्या फोटोवर मात्र तू ठिपका दिला नाहीस. मी मागे लागले होते, “आई, तुला पण काढ ना गं.”

“त्यास्नी कुकू पायजे व्हतं. मला क्यामेरा पायजे हाय,” तू म्हणालीस. “मी हाय तशी ऱ्हाऊ दे.”

मी फुरंगटून बसले. तेव्हा ते कळलं नाही, आणि कळायच्या वयाची झाले तेव्हा तुझ्याशी त्यावर बोलावं असं सुचलंच नाही. त्याचं आता फार वाईट वाटतं.

विंझर मागे पडेपर्यंत एसटीत मी सगळं भांडण मनात जुळवून ठेवलं होतं. पण घरात पाऊल टाकलं तोच धाकटा कॉटवर उताणा ठेवलेला तुझा फोटो पुसत म्हणाला, “ताई, हाच लावू का दुसरा कुठला हाय? आई कशी दिसाय पायजे, तूच सांग.”

अगदी तुझंच वाक्य. मी त्या फोटोतल्या कुंकवाकडे बघितलं.

“हाच लाव,” म्हणाले.

पिशवी उघडलीच नाही. तुला लिहिलेला हा कागदही आता त्याच वर्तमानपत्रात, तुझ्या फोटोमागे सरकवून ठेवते. खरं सांगू, आई? ते खोटं कुंकू बघितलं की मला बाबा अजून स्टुडिओत बसलेत असं वाटतं.