सदस्य बी, आशा बी

३ जुलै
तालुक्याहून पत्र आलं. सरपंच माणिकभाऊनं माह्याविरुद्ध अर्ज केला. म्हणे सदस्यबाई आशा वर्कर बी हाय, बैठकीचा भत्ता बी घेते अन् आशाचा मोबदला बी. आठ दिवसांत उत्तर द्या, नाहीतर एक पद सोडा.
मागच्या ग्रामसभेत विचारलं होतं ना, उपकेंद्रात नळ काहून नाही. बायका बाळंतपणाले घरून पाणी घेऊन येतात. त्याचाच राग हा.
घरी हे म्हणे, "सोडून दे एक. कायले ताप करून घेतं?" कोणतं सोडू? बारा वर्षं झाली आशाच्या कामाले. अन् मतं तं लोकाईनं देल्ली.

५ जुलै
शेलूबाजारले बशीरचाचाकडे गेली. ग्रामपंचायतीत कारकून होते, आता रिटायर. नियम बोट ठेवून वाचला. म्हणे, "बेटी, आशाले पगार नसते, कामाचा मोबदला असते. दोन्ही चालते. फक्त एकाच वेळेचे दोनदा उचलाचे नाही. उचलले का?"
"नाही चाचा."
"मंग डरती कायले? रजिस्टर घेऊन जाय."

६ जुलै
सगळ्या बैठका अन् माह्या आशाच्या भेटी ताडून पाह्यल्या. एकच दिवस अडला. गावातल्या कविताची डिलिव्हरी. बैठक सुरू व्हाच्या आधीच निरोप आला, मी जीपमधी बसून तिच्यासंगं दवाखान्यात. मोबदला घेतला त्याचा. बैठकीत माही सही हाय का नाही, आठवतच नाही.

१० जुलै
तालुक्याच्या हापिसात सुनावणी. साहेबाच्या टेबलावर दोन्ही रजिस्टरं. माणिकभाऊनं नेमका तोच दिवस काढला.
"साहेब, ह्या दिवशी बाई दवाखान्यात अन् बैठकीत बी!"
साहेबानं पान उलटवलं. माह्या नावापुढे लाल पेनानं 'गैरहजर'.
"हे अक्षर कोणाचं?"
माणिकभाऊनं रजिस्टर आपल्याकडे ओढलं. त्याईचंच होतं! मले गैरहजर दाखवाची एवढी घाई, की आपणच लिहिलेलं विसरले.
साहेब हसले. म्हणे, "सरपंचसाहेब, तुम्हीच बाईंची बाजू मांडली."
बाहेर आली. बसस्टँडवर एकटीनंच दोन समोसे खाल्ले. लय गोड लागले. तिखट होते तरी!

१७ जुलै
लेखी आलं. दोन्ही कामं करता येतील, बैठकीच्या वेळेचा मोबदला मात्र एकच घ्यावा. घेतच होती तसा. ह्याईनं कागद मोठ्यानं वाचून सासूबाईले ऐकवला. सासूबाई म्हणे, "पुन्हा वाच."

२४ जुलै
बैठक. उपकेंद्राच्या नळाचा ठराव मीच मांडला. सात हात वर. माणिकभाऊचा बी, सगळ्यात शेवटी. कविता लेकीले घेऊन दारात उभी होती. घरी येताना रस्ताभर बायका, "ताई, ताई." पहिल्यांदा वाटलं, मी पंचायतीत कोणाले मागून बसली नाही, निवडून आली.

४ ऑगस्ट
माणिकभाऊ अपिलात गेले, वरच्या हापिसात. जाऊ द्या. उत्तर तयार हाय.
सकाळी रिठदच्या एका आशाताईचा फोन, ओळख ना पाळख. "ताई, मी बी निवडणुकीचा फॉर्म भरू का? माहं काम तं नाही जाईन?"
खरं सांगतलं, अपिलाचा निकाल अजून लागला नाही.
मंग म्हणे, "फॉर्म भराले तीन दिवस राह्यले. तुमचा कागद पाठवा."
फोटो पाठवला. तिनं पाह्यला, निळ्या खुणा आल्या.