सभा कुणी तहकूब केली?

२७ जानेवारी

शंभर माणसं लागतात म्हणे! मग आम्ही सत्तर बाया काय म्हशी होतो? काल ग्रामसभेला दोन तास बसलो. बाहेर ओट्यावर, नेहमीसारखं. आत सासरे, जेठ म्हणजे थोरले दीर — त्यांच्यापुढे खुर्चीवर कोण बसेल! ग्रामसेवकाने आतली डोकी मोजली. एक्केचाळीस. "गणपूर्ती नाही. सभा तहकूब." मी दारातून ओरडले, "भाऊसाहेब, इकडे बी मोजा!" तर आमचे जेठ भाईदासभाऊ म्हणे, "बाया बाहेर शेतस, त्यासले कसं मोजानं?" बाहेर आहेत म्हणून मोजायचंच नाही!

चहाला मात्र बरोबर मोजल्या. एक कप कमी पडला नाही!

२८ जानेवारी

आता कळलं तहकूब कशाला. आम्ही मिरची वाळवतो ते मैदान दुकानाच्या गाळ्यांना द्यायचंय. तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. सोमवारी ती परत भरेल, पाच टाळकी हात वर करतील, मैदान गेलं! मिरची काय जेठाच्या पलंगावर वाळवू? चाळीस घरांची चूल त्या मैदानावर पेटते.

पोरगी भूमिका बारावीचं राज्यशास्त्र घोकतेय. "आई, ग्रामसभा म्हणजे प्रत्यक्ष लोकशाही. लोक स्वतः निर्णय घेतात."

"लोक म्हणजे कोण?"

"मतदारयादीतले सगळे."

"ओट्यावरचे बी?"

"ते पुस्तकात नाही."

मग पुस्तक अर्धंच छापलंय!

तिचा पुढचा शब्द — सार्वभौम, म्हणजे ज्याच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही. म्हणजे ग्रामसेवकाची मोटारसायकल. वाटेल तेव्हा येते, वाटेल तेव्हा जाते.

२९ जानेवारी

देठ खुडून बोटं जळतायत. लिहवत नाही.

३० जानेवारी

भूमिका वाचत होती — सभा तहकूब करायचा अधिकार अध्यक्षाचा. हातातली मिरची गळाली! अध्यक्ष म्हणजे सरपंच. सरपंच म्हणजे रंजनाबाई. आणि रंजनाबाई त्या दिवशी कुठे होती? ओट्यावर, माझ्या मांडीला मांडी लावून! आत खुर्चीत तिचा नवरा गिरधर.

तशीच तिच्या घरी गेले. "बाई, तू हजर होतीस का गैरहजर?"

ती म्हणाली, "मन्ही सभा, अन् मीच बाहेर!"

आतून गिरधर — "जेवण वाढ." ती उठली नाही.

३१ जानेवारी

अर्ज दिला. सत्तर सह्या-अंगठे, सगळ्यात वर सरपंचाची सही. मजकूर एवढाच — सव्वीस तारखेची सभा कुणी तहकूब केली, त्या माणसाचं नाव रविवारी दुपारपर्यंत लेखी द्या. रंजनाबाईचं लिहिलं तर ओटा बी सभेतच मोजावा लागेल; दुसऱ्याचं लिहिलं तर तहकुबीच खोटी!